मोळीचा हिशेब

२०२४ सालच्या चैत्रातील गोष्ट. साकोली तालुक्यातील आमच्या गावी, घराच्या ओसरीवर दुपारचे आम्ही पडलो असता आमच्या भाच्याने एक जाड वही आणून उशाशी ठेवली आणि "मामा, सवडीने पाहा" एवढेच बोलून तो निघून गेला. तीस वर्षे परीक्षकाचे काम केलेल्या मनुष्याच्या उशाशी वही ठेवली की त्याचा हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो, आमचाही गेला. परंतु ही उत्तरपत्रिका नव्हती. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'कवडीमोल लाकडापासून द्रव इंधन' असे शीर्षक होते, मध्ये यंत्राची चित्रे व आकड्यांचे तक्ते होते, आणि शेवटच्या पानास बँकेच्या कर्जाचा अर्ज टाचलेला होता. तारण म्हणून लिहिले होते: धानाची जमीन, सहा एकर.

ही सहा एकर जमीन आमच्या वडिलांची. ताई लहान वयात विधवा होऊन ह्या मुलासह माहेरी परतली, तेव्हा आम्ही आमचा हिस्साही तिच्याच नावे करून दिला. नागपुरास प्राध्यापकी करणाऱ्यास धानाच्या बांध्यांचा काय उपयोग, असे त्या वेळी आम्ही मोठ्या औदार्याने म्हणालो होतो. आता त्या बांध्या एका यंत्रापायी बँकेत जाऊन बसणार, हे वाचून ते औदार्य कोठल्या कोठे गेले. संध्याकाळी ताईने चहा आणून दिला आणि म्हणाली, "तू रसायनाचा प्रोफेसर. तू हो म्हटलेस तर मी सही करते, नाही म्हटलेस तर करीत नाही." प्राध्यापकाच्या मतावर एखाद्याचे अन्न अवलंबून राहावे असा प्रसंग त्याच्या आयुष्यात क्वचितच येतो. विद्यार्थी नापास झाला तर पुढल्या वर्षी पुन्हा बसतो. गहाण पडलेली जमीन तशी पुन्हा बसत नाही.

वहीतील कल्पना समजून घेण्यापूर्वी वाचकांस आमच्या मुलखाची थोडी ओळख करून दिली पाहिजे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वभाग ह्या प्रदेशास झाडीपट्टी म्हणतात. नावातच झाडे आहेत. गोंदिया १९९९ साली वेगळा जिल्हा झाला, तरी नवेगाव-नागझिऱ्याचे रान काही सरकारी नकाशा पाहून तुटले नाही. ह्या मुलखात मोठ्या जंगलाखेरीज आणखी एक प्रकारची जमीन आहे, आणि तिचे नाव विदर्भाबाहेरच्या वाचकांच्या कानावर बहुधा गेलेले नसेल: झुडपी जंगल. खुरटी झाडे, काटेरी बोरी, पळसाची खुंटे, रायमुनिया, म्हणजे पुण्याकडे जिला घाणेरी म्हणतात ती, असे जेथे वाढते आणि जेथे गावची गुरे चरतात, ती ही जमीन. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या सहा जिल्ह्यांत मिळून अशी ८६ हजार हेक्टरांवर जमीन कागदोपत्री आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशातून निघाला, तेव्हा हे झुडपी नावही दप्तराबरोबर आले आणि त्या दिवसापासून ते वन आहे की नाही ह्याचा वाद चालू राहिला.

भाच्याची दृष्टी ह्या झुडपीवर होती. सागाला भाव आहे, बीजाला आहे, बांबूलाही आहे. परंतु रायमुनिया, पळसाच्या वाकड्या फांद्या, तलावाकाठी माजलेली बेशरम, शेतातल्या तुराट्या आणि पऱ्हाट्या ह्यांना कोण विचारतो? हे सारे कवडीमोल. मग हे लाकूड रोज एक टन गोळा करावे, वाळवावे, कुटून भुसा करावा, हवा लागू न देता पाचशे अंशांच्या आसपास झटकन तापवावे, आणि निघणारी वाफ तितक्याच झटकन थंड करावी. वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या साठ ते सत्तर टक्के काळसर तेल हाती येते. उरतो तो कोळसा आणि थोडा वायू. वायू यंत्राच्याच भट्टीत जाळावा, कोळसा विकावा, तेल कारखान्यांच्या बॉयलरला द्यावे. मुलगा इंजिनियर आहे. वही स्वच्छ होती, आकडेही बहुतांशी खरे होते. लाल पेन्सिलीला काम फारसे मिळाले नाही, ह्याचे आम्हांस (खरे सांगावयाचे तर) किंचित वाईटच वाटले.

वाईट वाटण्याचे दुसरेही कारण होते. लाकडाचे द्रव इंधन करण्याचा छंद आम्हांसही एके काळी लागला होता. १९९२ साली एम. एस्सी. च्या वर्गात असताना आम्ही एका आरामशीनवरून पोतेभर भुसा आणला आणि त्याची साखर व साखरेचा मद्यार्क करावयाचा चंग बांधला. युक्ती नवी नव्हती. फ्रान्समधील ब्राकोनो ह्या रसायनज्ञाने गंधकाच्या तेजाबाने चिंध्यांची साखर करून दाखविली त्यास १९१९ सालीच शंभर वर्षे झाली होती. जर्मनीत तर हा विषय दोन महायुद्धांमुळे राष्ट्रीय चिंतेचा झाला. शोलर व बेर्गियुस ह्यांच्या पद्धतींनी तेथे लाकडापासून साखर व मद्यार्क करणारे कारखाने चालले, आणि त्या बेर्गियुसास १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते मात्र त्याच्या दुसऱ्या कामासाठी. जर्मनांना साधले ते नागपुरास का साधू नये? आम्ही भुसा सौम्य तेजाबात तीन दिवस शिजविला. जळक्या गुळासारखा वास येणारा एक तपकिरी पाक निघाला. त्यात यीस्ट घातले, ते मेले. पुन्हा घातले, पुन्हा मेले. तिसऱ्या खेपेस महिन्याच्या खटपटीने चमचाभर काहीतरी ऊर्ध्वपातनाच्या नळीतून टपकले. आमच्या गुरुजींनी त्याला काडी लावून पाहिली. ते पेटले नाही.

त्याचे कारण आम्ही पुढे वर्गात शिकविले, ते असे. लाकूड म्हणजे कुडाची भिंत समजा. भिंतीच्या आतल्या बांबूच्या कामट्या म्हणजे सेल्युलोज. तो लाकडाचा चाळीसपंचेचाळीस टक्के भाग. कामट्या बांधणारे सुंभ म्हणजे हेमिसेल्युलोज. आणि वरून लिंपलेली माती म्हणजे लिग्निन. साखर आहे ती कामट्यांत आणि सुंभात. पण माती सुटल्याशिवाय तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही, आणि माती सोडविण्यासाठी तेजाबाचा वा वाफेचा मारा करावा तर सुंभ करपून त्यातून यीस्टला विष होईल असे पदार्थ निघतात. हे काम गाजावाजा न करता करणारा प्राणी एकच; आमच्या घराच्या चौकटी तीनदा फस्त करणारी उधई. तिच्या पोटातले सूक्ष्म जीव लाकडाची साखर करतात, आणि त्यांस ना भट्टी लागते ना बँकेचे कर्ज. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजू लागले, त्या कुजण्याच्या शोधातून एक बुरशी हाती आली. तिची पाचके आज जगभर ह्या कामी वापरली जातात. शत्रूपेक्षा बुरशीने सैन्याचे अधिक कापड खाल्ले आणि त्यातून शास्त्राचे भले झाले!

शास्त्राचे भले झाले हे खरेच आहे. कारण आमच्या चमचाभर पाण्यावरून कोणी हा विषय थट्टेवारी नेऊ नये. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक अरविंद लाली ह्यांच्या केंद्रात विकसित झालेल्या पद्धतीचा प्रायोगिक कारखाना २०१६ साली उत्तराखंडात काशीपूर येथे उभा राहिला. पुण्याच्या प्राज कंपनीने २०१७ मध्ये दौंडजवळ आपला उभारला. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतास इंडियन ऑइलचा मोठा कारखाना राष्ट्रास अर्पण झाला. वर्षास दोन लाख टन तणसापासून तीन कोटी लिटर इथेनॉल हे त्याचे संकल्पित प्रमाण. भाच्याची वही आम्ही वाचली त्यानंतर, सप्टेंबर २०२५ मध्ये, आसामात गोलाघाट जिल्ह्यात बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. आणि भाच्याच्या पद्धतीचा पूर्वज शोधावयाचा तर फार लांब जावयास नको. म्हैसूर संस्थानाने भद्रावतीस १९२३ साली चालू केलेला लोखंडाचा कारखाना लाकडी कोळशावर चालत असे, आणि तो कोळसा करताना निघणारी वाफ हवेत न सोडता तिच्यातून लाकडाचा मद्यार्क, चुन्याचे ॲसिटेट आणि डांबर काढीत असत. सर विश्वेश्वरय्यांनी त्या कारखान्याची घडी बसविली. आमचे वडील तर लहानपणी पाहिलेल्या त्या युद्धकाळातील मोटारीचे वर्णन नेहमी करीत: पेट्रोल मिळेना म्हणून मागे कोळशाची शेगडी बांधलेली, चढ आला की उतारूंनी उतरून ढकलावयाची.

पण हे सारे दूरचे झाले. आमच्या गावात द्रव इंधन नव्हते असे नव्हे. मोहाच्या झाडाखाली फाल्गुन-चैत्रात पहाटे फुले पडतात. उजाडण्यापूर्वी बायका टोपल्या घेऊन निघतात. पाचोळ्यात फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळून ठेवतात, आणि तीच आग कधी रानात शिरते. वाळल्या मोहफुलात निम्म्याहून अधिक साखर असते, आणि ती कोठल्याही भिंतीआड दडलेली नसते. गाडग्यात भिजत घालावी, आंबू द्यावी, वर दुसरे मडके उलटे बसवून चुलीवर चढवावे. लहानपणी एका घरी पाहुणा गेलो असता म्हाताऱ्या घरधन्याने पहिल्या धारेची थोडी वाटीत घेऊन आम्हांस गंमत म्हणून तीस काडी लावून दाखविली होती. निळी, जवळजवळ अदृश्य अशी ज्योत उठली. पुढे प्रयोगशाळेत जी ज्योत आमच्याकडून पेटली नाही, ती त्या अक्षरशत्रू मनुष्याने वाटीत पेटविली होती! बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत गिल्बर्ट फौलर ह्यांनी १९२० च्या सुमारास ह्याच मोहफुलांवर मद्यार्काच्या दृष्टीने संशोधन केले, आणि १९४८ साली पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याचा कायदाही देशात झाला. परंतु आमच्या मुलखात मोहाच्या मद्यार्कावर कायद्याची दृष्टी पडली ती केवळ अबकारीची. तो मोटारीत गेला नाही. पोलिसांच्या पंचनाम्यात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही भाच्याबरोबर झुडपी पाहावयास निघालो. त्याने खांद्यावर एक काट्याचा वजनमापक टांगला होता. चुलबंद नदीच्या काठाने वाट जाते. चूल बंद करण्याच्या गोष्टी ह्याच नदीकाठी बोलाव्या लागाव्यात ह्याची आम्हांस मनातल्या मनात मौज वाटली. झुडपीत शिरतो तोच समोरून पाचसहा बायका डोक्यावर मोळ्या घेऊन येताना दिसल्या. सर्वांत मागे एक म्हातारी होती. आमच्या आईच्या वेळी ती आमच्या घरी धान कांडावयास येई. तिने आम्हांस ओळखले, मोळी उतरविली आणि बांधावर टेकली. भाच्याने संधी साधून मोळी काट्यास टांगली. बावीस किलो भरली.

"ही कशाला जोखली जी?" तिने विचारले.

भाच्याने तिला समजावून सांगितले. किलोला दोन रुपये देईन, म्हणजे मोळीचे चव्वेचाळीस. रोखीने, रोजच्या रोज.

म्हातारीने थोडा वेळ विचार केला. मग आमच्याकडे पाहून म्हणाली, "मंग भाऊ, सैपाक कायच्यावर करावा?"

"गॅसवर," भाचा म्हणाला. "घरी आहे ना गॅस?"

"हाये. टाकी हाये, गॅस नाही."

उज्ज्वला योजनेची टाकी तिच्या घरी पोहोचली होती. ती योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि अशा घरांत शेगडी नेऊन पोहोचविण्याचे मोठे काम तिने केले, हे कबूल केले पाहिजे. परंतु टाकी भरून आणावयास त्या वर्षी आठशेच्या वर रुपये एकदम मोजावे लागत. त्यांतील तीनशे मागाहून खात्यात जमा होत. रात्री आम्ही कंदिलाच्या नव्हे, पण विजेच्या तितक्याच मंद दिव्याखाली हिशेब मांडला. म्हातारीच्या पाच माणसांच्या घरात मोळी तीन दिवस पुरते. म्हणजे रोज विकल्यास साडेचौदा रुपयांची. साडेपाचशेचा गॅस चाळीस दिवस गेला तर रोजचे पावणेचौदा. हिशेब बरोबरीत सुटतो! किंबहुना पाऊण रुपया तिच्याच पदरी पडतो. क्षणभर आम्हांस भाच्याचे म्हणणे पटले. मग ध्यानात आले की मोळी तीन दिवसांची मिळते, आणि गॅस चाळीस दिवसांचा एकदम घ्यावा लागतो. ज्या घरात आठशे रुपये एके ठिकाणी कधी नसतात, त्या घरास हा हिशेब कागदावर बरोबर येऊन उपयोग काय?

मग यंत्राचा हिशेब. बावीस किलोच्या मोळीतील पाणी गेले की पंधरा किलो लाकूड उरते. त्याचे फार तर नऊ किलो तेल. त्या तेलात चौथाईच्या आसपास पाणी, आंबटपणा लिंबाच्या रसाच्या जवळ जाणारा. साध्या लोखंडास ते खाते, डिझेलात मिसळत नाही, आणि काही महिने ठेवले की घट्ट होत जाते. उष्णता वजनास वजन डिझेलच्या निम्म्याहून कमी. तेव्हा म्हातारीची मोळी म्हणजे चार लिटर डिझेलच्या आसपास, तेही यंत्राची, कुटण्याची व वाळविण्याची शक्ती न वजा करता. पानिपतच्या प्रमाणाने इथेनॉल काढले तर सव्वादोन लिटर. हे काही अगदीच थोडे नव्हे. चुलीत तर लाकडाच्या उष्णतेतील आठवा-दहावा हिस्साच भांड्यास लागतो, बाकीची धुराबरोबर जाते.

ह्यानंतर आम्ही एक भागाकार केला, आणि तो करून पेन्सिल खाली ठेवली. यंत्रास रोज एक टन सुके लाकूड हवे, म्हणजे सदुसष्ट मोळ्या. आमच्या गावात लाकूड जाळणारी घरे दोनशेच्या घरात. तीन दिवसांस एक मोळी ह्या मानाने त्यांस रोज लागतात, सदुसष्ट मोळ्या. यंत्राची भूक आणि गावाची चूल नेमकी सारखी निघाली. वहीत ज्याला 'उपलब्ध निरुपयोगी लाकूड' म्हटले होते ते, म्हातारी आणि तिच्या पुढे चालणाऱ्या त्या बायका डोक्यावरून नेत होत्या तेच होते. ते निरुपयोगी ठरले होते, कारण त्याची पावती कोठे फाटत नव्हती.

भाच्याला हे सांगितले तेव्हा तो रागावेल असे वाटले होते. तो रागावला नाही. तो शांतपणे म्हणाला, "मामा, आजी कशाने गेली?"

आमच्या आईने पन्नास वर्षे चूल फुंकली. आमच्या लहानपणच्या प्रत्येक आठवणीत तिचे डोळे लाल आहेत आणि पदर नाकाशी आहे. शेवटची सहा वर्षे तिला चार पावले चालली की धाप लागे. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून, बाई विड्या ओढीत होत्या काय, असे विचारले. आम्ही नागपुरास रसायनशास्त्र शिकवीत होतो, ज्वलन अपुरे झाले असता कोणकोणते वायू निघतात हे फळ्यावर लिहीत होतो, आणि आमच्या स्वतःच्या आईच्या स्वयंपाकघरात गॅस पोहोचावयास १९९८ साल उजाडले. वर्गणी भरली होती, नंबर लागला नव्हता, गावी सिलिंडर न्यावयाची सोय नव्हती. कारणे सर्व खरी होती. भाचा तेव्हा लहान होता. तो आजीजवळ निजत असे. रात्री तिची छाती वाजे ती त्याने ऐकली आहे, आम्ही नाही.

"मोळीची एवढी कड घेऊ नका," तो म्हणाला. "ती मोळी चुलीत जाते म्हणजे बायकांच्या छातीत जाते. माझ्या यंत्रात गेली तर निदान धूर नळीत राहील."

ह्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. वादात जिंकावयाची आमची सवय आहे, पण त्या रात्री आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मग जे सुचले ते बोललो. बोललो ते यंत्राविषयी नव्हतेच. लाकडाला भाव आला हे वाईट नाही. भाव आल्यावर ते लाकूड कोणाचे राहणार, हे आधी ठरले पाहिजे. आज झुडपीत म्हातारी कोयता घेऊन शिरते, कारण त्या लाकडाकडे कोणी पाहत नाही. उद्या तो टनाने विकला जाऊ लागला की ट्रॅक्टर येतील, ठेकेदार येईल, पाठोपाठ खाते येईल, आणि चव्वेचाळीस रुपये तर नाहीतच, पण मोळीही जाईल. बांबूचे असेच झाले. बल्लारपूरच्या कागद कारखान्यास तो वर्षानुवर्षे खात्याच्या कराराने जाई, आणि टोपल्या विणणाऱ्या बुरुडास निस्ताराच्या चार कामट्यांसाठी खेटे घालावे लागत. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांना त्यासाठी किती वर्षे लागली, हे सर्वांस माहीत आहे. बांबू तोच होता, कारखानेही तेच. विकणारा बदलला, आणि बांबू कवडीमोल राहिला नाही.

"म्हणजे मी आधी ग्रामसभेत जावे," भाचा म्हणाला.

"आणि ताईची सही मागू नये," आम्ही म्हणालो.

सही झाली नाही. परंतु ह्यात आमच्या शहाणपणाचा विजय झाला असे वाचकांनी समजू नये. भाच्याने एका परप्रांतीय कंपनीस यंत्राचे पन्नास हजार रुपये अगोदरच आगाऊ पाठविले होते, हे त्याने आम्हांस मागाहून सांगितले. सत्तर टक्के तेल निघते असे छापील पत्रक देणारी ती मंडळी आता फोन उचलत नाहीत. ग्रामसभेत त्याने विषय मांडला, तेव्हा निम्मे लोक हसले आणि निम्म्यांनी पोरगा झुडपी विकावयास निघाला म्हणून ओरडा केला. पुढे २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जमिनी ह्या वनजमिनीच मानल्या पाहिजेत असा निर्णय दिला. न्यायमूर्तींच्या पीठावर विदर्भाचे सुपुत्र सरन्यायाधीश भूषण गवई होते, त्यामुळे निदान झुडपी म्हणजे काय हे त्यांस समजावून सांगण्याची गरज पडली नसावी! भाच्याने त्या दिवशी फोन करून एवढेच म्हटले, "मामा, कर्ज काढले असते तर आज गेलोच होतो." ह्या निर्णयाने म्हातारीच्या मोळीचे काय होते, ते मात्र त्याने विचारले आणि आम्ही सांगू शकलो नाही. गावाने सामूहिक हक्काचा दावा टाकावा म्हणून तो आता घरोघर सह्या गोळा करीत हिंडतो. जे पोरगे पायरोलिसिसवर तासभर बोलू शकते ते आता निस्तारपत्रकाच्या जुन्या नकला काढण्यासाठी तहसिलीत रांगेत उभे राहते. ताई म्हणते, यंत्र बरे होते. निदान घरी तरी असायचा.

यंत्र अगदीच झाले नाही असे मात्र नाही. त्याने मागील अंगणात एक जुने लोखंडी पिंप, थोडी नळी आणि थंड पाण्याची टाकी जोडून स्वतःच एक लहानसा खटाटोप उभा केला आहे. त्यात तो फक्त बेशरम जाळतो. तिला तोडली म्हणून तलावावरचे ढीवरही आशीर्वादच देतात. गेल्या दिवाळीस आम्ही गावी गेलो, तेव्हा त्याने आम्हांस एक बाटलीभर काळे, धुरकट वासाचे तेल दिले. आम्ही ते मोठ्या अभिमानाने नागपुरास आणून पुस्तकांच्या कपाटावर ठेवले. अपेक्षेप्रमाणे ते घट्ट होत गेले, आणि वास अशा थरास गेला की घरात आमची पत राहिली नाही. परत पाठवावे तर ताईने फोनवरच सांगितले, पाठवू नकोस. ती स्वतः उरलेले तेल फडक्याने देवघराच्या आणि माजघराच्या चौकटींना लावते आहे, आणि ह्या पावसाळ्यात प्रथमच उधई लागली नाही.